फोनपुरता कोपरा

दोरेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पासपोर्टावर होतं आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी, तेव्हा तिथवर हात घालायची वेळ क्वचितच यायची. परदेशात, सोफ्यांना कापड चढवायच्या कारखान्यात माणूस कामाला म्हटल्यावर त्याच्या अंगावर दोरे असणारच. पण यांच्या अंगावर जरा जास्तच. बाहीला निळा, कॉलरला तपकिरी, कधी कानामागे एखादा पांढरा. संध्याकाळी खोलीवर आले की सोबत राहणारे मामा विचारायचे, "या दोरेबुवा, आज कोणाच्या दिवाणखान्यातून?" झालं, नाव पडलं. आणि नाव एकदा पडलं की ते काय साबणानं निघतं?

खोली टायरच्या दुकानाच्या माथ्यावर होती. जिना बाहेरून, लोखंडी, चढताना आख्ख्या गल्लीला कळावं असा. आत तीन दुमजली पलंग, म्हणजे सहा माणसं. पलंगांखाली बॅगा, बॅगांवर चपला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी आणि दोरीवर सहा जणांची अब्रू वाळत घातलेली. दाराशी गॅस, त्यावर कायम काहीतरी शिजत असलेलं. रबराचा वास खालून, फोडणीचा वास मधून आणि मोज्यांचा वास कुठून ते कुणी विचारत नसे.

पण खिडकीजवळचा कोपरा! तिथं भिंत सायीच्या रंगाची. एक देखणी खुर्ची, मऊ हिरव्या कापडाची. तिच्याशेजारी झालरीचा दिवा, एका कुंडीत रुंद पानांचं झाड, खिडकीला पांढरा पडदा. खुर्चीत बसलेला माणूस चार खोल्यांच्या घराचा मालक वाटावा. हा कोपरा सहा जणांनी मिळून उभा केला होता आणि तो फक्त फोनसाठी होता.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी सणाला दोरेबुवांनी हौसेनं घरी फोन लावला. तिकडं पडद्यावर सगळं गणगोत गोळा झालेलं. त्यांची लेक, छोटी, तेव्हा नुकती बोलायला लागली होती. ती मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, तुमच्या मागे ती कुणाची चड्डी?" सगळं घर खो खो हसलं. बायको मात्र हसली नाही. पदरानं तोंड पुसत ती उठली आणि आत गेली ती गेलीच. चार लोकांत तिला खाली बघावं लागलं, हे दोरेबुवांच्या फार जिव्हारी लागलं. पुढे कितीतरी दिवस सोफ्यात पिना मारता मारता त्यांना तिची ती पाठ दिसायची.

मग एक दिवस कारखान्यात एका गिऱ्हाइकानं नको म्हणून टाकून दिलेली खुर्ची त्यांनी मालकाला मागितली, डोक्यावर घेतली आणि तो बोंबलणारा जिना चढून वर आणली. मामा म्हणाले, "आता ही कोणाच्या उरावर ठेवायची?" पण सहा जणांतला रंगारी हुशार. तो दुसऱ्यांच्या बंगल्यांच्या भिंती रंगवायचा, त्याला कळलं. त्यानं उरलेला रंग आणून तेवढाच कोपरा रंगवला. आचाऱ्यानं कँटीनमधून टाकाऊ दिवा आणला, झालर दोरेबुवांनी लावली. फरशीवर एक चिकटपट्टी मारली. फोन तिच्या पलीकडे ठेवला तर घर दिसे, अलीकडे आला की दोरी.

तेव्हापासून नियम असा पडला की कोपऱ्यात माणूस असला की बाकीच्यांनी मेल्यासारखं पडून राहायचं. कुकरची शिट्टी नको, खोकला नको. कुणाला शिंक आलीच तर खुर्चीतल्या माणसानं "शेजारचा टीव्ही" म्हणायचं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी चालेल. दोघं जण रातपाळीचे होते, ते तसेही दिवसभर झोपलेलेच असायचे, त्यांचा काही त्रास नव्हता. मामांची भानगड जरा वेगळी. मामा कंपनीची बस चालवायचे आणि दोरेबुवांच्याच गावचे, दोन गल्ल्या सोडून घर. दोघांच्या बायका बाजारात भेटायच्या. म्हणून मामांच्या पाळीला खुर्ची उजवीकडून डावीकडे जायची, तिच्यावर चादर पडायची, पडदा बदलायचा आणि झाडाला रजा मिळायची. गावाला माहीत होतं ते इतकंच की दोरेबुवांनी नवी खोली घेतली आहे आणि मामांची दुसरी, चांगली लांब.

खोटं होतं का? होतं की. पण गंमत सांगायची तर ते त्या खुर्चीत बसणाऱ्यालाही खरं वाटायला लागायचं. कारखान्यातून आल्यावर फोन नसला तरी दोरेबुवा घटकाभर तिथं बसायचे. उन्हं कलायची, पडदा फुगून खाली बसायचा, पानांवरची धूळ ते फडक्यानं हळूहळू पुसायचे. डोळे मिटले की खोली मोठी व्हायची. पाठीमागे एक दार आहे असं वाटायचं, दारापलीकडे स्वयंपाकघर, तिथं कुणीतरी भांडं सरकवतंय, छोटी पाढे म्हणतेय. आता हाक येईल, "अहो, पानं घेतलीत." मग मामा म्हणायचे, "दोरेबुवा, उठा, कांदा चिरायची पाळी तुमची," आणि दार भिंतीत जिरून जायचं.

कामही तसंच स्वप्नाळू. सोफा उघडा करायचा, जुनं कापड ओरबाडून काढायचं, आतल्या स्प्रिंगा आवळायच्या, नवा फोम, नवं कापड. लोकांच्या घरातला सोफा म्हणजे घराचं पोट. त्यात काय काय निघायचं! पेनाची टोपणं, लहान मुलाचा एकच मोजा, खेळण्यातला घोडा. दोरेबुवा ते हातात घेऊन बसायचे. मोजा कोणाचा असेल, तो शोधताना आई किती वैतागली असेल. मालक ओरडायचा तेव्हा ते दचकून पुन्हा पिना मारायला लागायचे.

एकदा एका सोफ्याच्या सांदीत केसांची क्लिप निघाली. फुलपाखराची, पंखांवर बारीक खडे. गिऱ्हाइकाला दाखवली तर तिनं हातानंच नको म्हटलं. छोटीच्या केसांना किती शोभेल, असं म्हणत दोरेबुवा ती खोलीवर घेऊन आले. हरवू नये म्हणून कुठं ठेवावी? तर दिव्याच्या झालरीला अडकवली. ठेवली ती ठेवली आणि विसरले. बुद्धी जाते ती अशी.

दुसरा शहाणपणा त्याहून मोठा. त्यांची बायको माहेराहून येताना उशांचे अभ्रे भरून घेऊन आली होती, साखळी टाक्याची वेल, मधे गाठीच्या टाक्याची फुलं. दोरेबुवांना त्या वेलीचं वळण पाठ होतं, कारण लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं सकाळी डोळे उघडले की गालाशी तीच असायची. यंदा सण जवळ आला तसं त्यांच्या मनात भरलं, खुर्चीवर तसाच अभ्रा हवा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी तो भरला. कुणी हसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. उशी तयार झाली, खुर्चीत ठेवली आणि बायकोला काही सांगितलं नाही. तिचं तिला दिसेल, ती ओळखेल, विचारेल आणि मग आपण हळूच सांगू, असा मनातल्या मनात बेत.

तिला दिसलं. ओळखलंही. पण विचारलं मात्र नाही.

पूर्वी फोन लावला की ती आधी स्वतः यायची, दूधवाल्यापासून जाऊबाईंपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची. आता उचलताच म्हणायची, "बोला छोटीशी," आणि बाजूला. दोरेबुवांनी विचारलं, बरं नाही का? बरं आहे. काही हवंय का? काही नको. "मग अशी का बोलतेस?" "कशी बोलू?" बोला आता! या प्रश्नाला आजवर कुठल्या नवऱ्यानं उत्तर दिलंय?

उलगडा केला तो छोटीनं. एका रविवारी आई ओसरीवर गेलीसं पाहून ती फोनजवळ तोंड आणून म्हणाली, "बाबा, ती काकू आत्ता घरात आहे?"

"कुठली काकू?"

"जिची फुलपाखराची क्लिप आहे ती. जी झाडाची पानं पुसते. आई म्हणाली, विचारायचं नाही."

दोरेबुवांनी मान वळवून दिव्याकडे पाहिलं. क्लिप तिथं चमकत होती. मग त्यांनी मांडीवरच्या उशीकडे पाहिलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"आईला बोलाव," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

ती आली. पण समोर आली नाही, फोन भिंतीकडे करून बोलली. तरी एकदा बोलायला लागली तशी थांबेना.

"घरी असताना पाण्याचा तांब्या कधी जागेवर ठेवला नाहीत आणि तिकडं झालरीचे दिवे? इथं तुळशीला... जाऊ दे, इथल्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत!"

"अगं, ती उशी मीच भरली."

"तुम्ही? शर्टाचं बटण तुटलं तर टाचणी लावून जाणारे तुम्ही, तुम्ही वेलबुट्टी काढली?"

"खरंच. तुझ्या अभ्र्यावरची वेल आहे ती."

"दिसली मला. माझी वेल तिला दाखवायला नेलीत, होय ना? आणि क्लिप? तीही तुम्हीच लावता? आहेत तेवढ्या केसांत?"

"ती सोफ्यात सापडली गं."

"सोफ्यात!" ती हसली, पण ते हसू हसण्यातलं नव्हतं. "छान. कोणाच्या सोफ्यात, कशी सापडली, सगळं सांगून टाका आता."

खरं बोलणाऱ्याचं असंच होतं. जितकं खरं सांगावं तितकं गाळात जातं. दोरेबुवा म्हणाले, "या खोलीत बाईचं पाऊल नाही. शपथ घेतो."

"शपथ नको. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. फोन फिरवा. इतकी वर्षं झाली, मी तुमच्या घराची एकच भिंत पाहिली. फिरवा तो फोन आणि दुसरी बाजू दाखवा."

दोरेबुवांचा हात फोनकडे गेला. समोर, पट्टीच्या अलीकडे, तिघं जण श्वास रोखून उभे होते. मामा दोन्ही हातांनी नको नको करत होते. रंगाऱ्यानं डोक्याला हात लावलेला. आणि दोरेबुवांचा हात अर्ध्यात थांबला. किती वेळ? पापणी लवायला लागतो तेवढाच. पण तेवढा पुरला.

"कळलं," ती म्हणाली. "सण होऊ दे. मग मी छोटीला घेऊन माहेरी जाते. घराची किल्ली जाऊबाईंकडे ठेवीन." आणि फोन बंद.

मग आचाऱ्याला हसू फुटलं. "दोरेबुवा आणि बाई! अहो, यांना तर कुकर उघडायला भीती वाटते!" पण दोरेबुवांचा चेहरा पाहून त्याचं हसू आटलं.

मामांनी स्वतःहून पुढाकार घेतला. "मी बोलतो वहिनींशी. मोठा माणूस म्हणून ऐकतील." खुर्ची डावीकडे सरकली, चादर पडली आणि मामांनी घसा साफ करून फोन लावला. "वहिनी, माणूस सोन्यासारखा आहे. मी हमी घेतो."

"भावजी, तुम्ही राहता कुठं?"

"मी? मी तर इकडं... लांब."

"आणि ते?"

"ते तिकडं."

"मग त्यांच्या घरी कोण येतं, कोण जातं, तुम्हाला कसं दिसतं?"

मामा म्हणजे घाटात बस मागे घेणारा माणूस, पण इथं त्याला वळायला जागा राहिली नाही. "तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी," असं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

"मामा," दोरेबुवा म्हणाले, "फिरवू द्या मला एकदा फोन."

"खबरदार! माझ्या पोरीचं जमलंय. सोयऱ्यांनी माझी खोली पाहिली फोनवर. सासरा परदेशी, स्वतंत्र खोलीत राहतो, म्हणून होकार आला. तुमच्या घरी कळलं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे कळलं. सण झाला की साखरपुडा आहे, दोरेबुवा. पाया पडतो तुमच्या."

आणि खरंच वाकले. आता वयानं मोठा माणूस पाया पडतो म्हटल्यावर काय बोलणार? दोरेबुवांनी त्यांना वरच्यावर धरलं. "नाही फिरवत," असं म्हणाले.

पुढचे दिवस धुक्यातून चालल्यासारखे गेले. कारखान्यात हात चालायचे, पण मन तिथं नसायचं. एका सोफ्याला त्यांनी कापड उलटं चढवलं आणि सगळ्या पिना मारून झाल्यावर लक्षात आलं. दुपारी पायरीवर डोळा लागला तर स्वप्न पडलं की ते गावी पोचलेत. दाराला कुलूप नाही, नुसतं लोटलं की उघडतंय. आत मात्र तो कोपरा, हिरवी खुर्ची, झालरीचा दिवा. खुर्चीत बायको पाठ करून बसलेली, केसांत फुलपाखरू. ते हाक मारतात तर आवाजच फुटत नाही. जागे झाले तेव्हा गालावर पायरीचे वळ होते आणि डोळे ओले. शेजारी डबा खाणाऱ्यानं आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. दोरेबुवा म्हणाले, "काही नाही रे, दोरा गेला डोळ्यात." त्याला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं मान हलवली आणि डबा पुढे केला.

सण आला. तिकडं सण, इकडं कामाचा वार. हेच तर परक्या मुलखाचं दुखणं. आपल्या छातीत दिवे लागलेले असतात आणि रस्त्यावरचा माणूस रोजच्यासारखा भाजीची पिशवी घेऊन चाललेला असतो. सिग्नल लाल होतो, हिरवा होतो. त्याला काय माहीत, आज काय आहे? दोरेबुवा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन चालत निघाले. वाटेत एका घराच्या उघड्या खिडकीतून त्यांना एक सोफा दिसला. त्यांनीच मागच्या पावसाळ्यात, म्हणजे गावाकडच्या पावसाळ्यात, त्याला कापड चढवलं होतं. एक बाई त्याच्यावर पाय घेऊन बसली होती आणि एक माणूस तिला काहीतरी वाचून दाखवत होता. दोरेबुवा थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि भराभर चालायला लागले.

खोलीवर आचाऱ्यानं गोडाचं करायला घेतलं होतं. मामा बनियनवर, खालच्या पलंगावर बसून कांदे सोलत होते. रातपाळीचे दोघे घोरत होते. रंगारी दोरीवरचे कपडे उलटे करत होता. दोरेबुवांनी हात-पाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसून फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना. मग छोटी आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या, मागे घरभर उजेड.

"बाबा, आम्ही उद्या आजीकडे जाणार. माझं दप्तरपण भरलं."

"आई कुठाय?"

"आहे इथंच. फोनसमोर येत नाही म्हणते."

कडेला साडीचा काठ तेवढा दिसत होता. दोरेबुवा त्या काठाकडे बघत राहिले. समोर मामांची सुरी थांबली होती. एका बाजूला दिलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला तो वीतभर काठ, तोही उद्या दिसणार नव्हता.

"मामा, माफ करा मला," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलून फिरवला.

खोलीत जो हलकल्लोळ झाला तो काय सांगावा! रंगारी दोरीवरच्या टॉवेलामागे गेला. आचारी झारा घेऊन तसाच थिजला. आणि मामांना काही सुचेना, तर त्यांनी पायाशी पडलेली चादर ओढली आणि डोक्यावरून घेऊन पलंगावर आडवे झाले. कांदे फरशीवर गडगडले.

फोनमधून बायकोचा आवाज आला. आता ती समोर आली होती. "ते चादरीखाली कोण आहे?"

मामांनी चादर आणखी घट्ट ओढून घेतली.

"लपलंय कोण ते? तीच ना? बघ गं छोटी, बघ तुझ्या बापाचं!"

"अगं नाही..."

"मग काढा चादर! काढा म्हणते ना!"

चादर हलेना. दोरेबुवांनी हात लावला नाही. शब्द एकदा मोडला होता, दुसऱ्यांदा त्यांच्यानं मोडवेना. ते नुसते पलंगासमोर फोन धरून उभे राहिले. आणि पलीकडे ती रडायला लागली, चारचौघींत कधी रडली नव्हती तशी मोठ्यानं.

मग चादर आपली आपणच खाली सरकली. आधी विस्कटलेले केस आले, मग भरघोस मिशा, मग बनियन. मामा उठून बसले. हातात अजून अर्धा सोललेला कांदा होता.

"मी आहे, वहिनी," ते म्हणाले. "इथंच राहतो. या खालच्या पलंगावर. पहिल्यापासून."

तिकडं छोटी खुदकन हसली.

"लांब-बिंब काही नाही. आम्ही सहा जण आहोत इथं. ती खुर्ची सगळ्यांची. उशी यांनीच भरली, कारखान्यात, चोरून, आम्हालाही उशी आणल्यावरच कळलं." मामांनी डोळे पुसले, कांद्याचे की कसले कुणास ठाऊक. "आता आमच्या घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण या माणसाला सोडू नका."

बायकोचे डोळे पडद्यावर हळूहळू फिरत होते, दोरीवरून, बॅगांवरून, चपलांवरून, दाराजवळच्या गॅसवरून. टॉवेलामागचा रंगारी ओशाळून बाहेर आला. आचाऱ्यानं झाऱ्यासकट हात जोडले. घोरणाऱ्यांपैकी एकानं कूस बदलली.

"तुमचं अंथरूण कुठलं?" तिनं विचारलं.

"हे. मामांच्या वरचं."

"चढा बघू."

दोरेबुवा चढले. फोन एका हातात, दुसरा हात गजाला. पलंग कुरकुरला.

"बसा."

"बसता येत नाही गं. डोकं लागतं. निजायचंच."

ते निजले. छत त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर होतं, ते तिलाही दिसत असणार. फोन बंद पडला की काय म्हणून त्यांनी तो जवळ घेतला तर तिचा चेहरा तिथंच होता, अगदी जवळ, नाक लाल झालेलं.

"बाई असती तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली.

"काय बोलतेस?"

"खरं तेच बोलते. दिवसभर तिला शिव्या घालायचे. माती होवो तिची म्हणायचे. पण झोपताना वाटायचं, जाऊ दे, निदान गरम तरी वाढत असेल. अंग दुखलं तर विचारत असेल. तेवढ्यावर मला झोप लागायची." तिनं पदर तोंडाला लावला. "आता काय म्हणून झोपू?"

खाली आचारी हळू आवाजात कुणाला तरी पानं मांडायला सांगत होता.

"उद्या जाणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"कुठं जाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही तिथं असे आणि मी माहेरी जाऊन बसू? छोटी, दप्तर रिकामं कर गं."

मग खालून हाक आली, "दोरेबुवा, वाढलंय, या." ते फोन ठेवायला गेले.

"ठेवू नका," ती म्हणाली. "खाली घेऊन जा. तुम्ही काय जेवता ते बघू दे मला."

दोरेबुवा एका हातानं गज धरत उतरले. सगळ्यांनी सरकून जागा केली. फोन त्यांनी पातेल्याला टेकवून उभा केला आणि सहा जणांपैकी जे जागे होते ते खाली मान घालून जेवायला बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भावजी, तुम्हाला वाढलं नाही कुणी, घ्या ना." आणि मामांनी ताट पुढे केलं.